मांडवात तीन-चार पॉवर्ड स्पीकर जोडताना

सप्ताह असो की खंजिरी भजन, आता गावोगावी पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर, लागतात. मिक्सरपासून प्रत्येकाला वेगळी वायर ओढायची गरज नाही. मिक्सरचं मेन आउट पहिल्या स्पीकरच्या इनपुटला द्या, त्याच्या 'लिंक' किंवा 'थ्रू' सॉकेटमधून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. वायर तीन पिनांची बॅलन्स्ड एक्सएलआरच घ्या. मांडव लांबलचक असला तरी घरघर कमी येते. 'मिक्स आउट' लिहिलेलं सॉकेट वेगळं, त्यातून त्या स्पीकरच्या सगळ्या इनपुटांचा आवाज एकत्र होऊन पुढे जातो. काही मॉडेलमध्ये पहिल्या स्पीकरचा आवाज कमी केला की त्यातून पुढे जाणाराही कमी होतो, म्हणून जोडण्याआधी तपासून घ्या.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं स्पीकर आउटपुट मात्र यांच्या इनपुटला कधीच देऊ नका, आतलं सर्किट जळू शकतं.

घरघर आलीच तर अर्थिंगची पिन तोडायची नाही. ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांच्या मांडवात, त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो. त्याऐवजी मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवून पाहा. फक्त बोर्ड तेवढा लोड पेलणारा हवा.

आपल्याकडे लाइन जाते-येते. गेली की लगेच स्पीकरची बटणं बंद करा. आली की आधी मिक्सर, शेवटी स्पीकर.