वन्यजीव आरोग्याचं पोर्टल: कोड लिहिण्याआधीची तयारी

वन्य प्राण्यांच्या रोगतपासणीच्या नोंदी एकत्र ठेवणारं संकेतस्थळ म्हणजे हे पोर्टल. सर्व्हर, डोमेन, लॉगिन यांची चर्चा नंतर करा, ते होऊन जातं. आधी कागदावर तक्ते मांडा, आणि चार वेगळे मांडा: घटना, प्राणी, नमुना, चाचणी. एका मेलेल्या पक्ष्याचे दोन स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) आणि प्रत्येकावर तीन चाचण्या झाल्या तर निकाल सहा, पण पक्षी एकच. सगळं एकाच तक्त्यात कोंबलं की पोर्टल सहा पक्षी मोजतं. उलटंही होतं. पाच पक्ष्यांचे स्वॅब एकाच नळीत एकत्र केले तर प्राणी पाच आणि निकाल एक. या एकत्रित नमुन्यांची सोय सुरुवातीलाच ठेवा, नंतर घुसवताना फार त्रास होतो.

आता निगेटिव्ह निकाल. या तयारीतलं बाकी काही राहिलं तरी हे राहू देऊ नका. फक्त सापडलेला रोग नोंदवणारं पोर्टल म्हणजे नुसता बाधितांचा आकडा. किती तपासले हेच माहीत नसेल तर प्रमाण काढणार कशावरून? ३० प्राणी तपासून एकही बाधित निघाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या खाली आहे. ३०० तपासले तर १ टक्क्याच्या खाली. या दोन्हींत केवढा फरक आहे, आणि तो फक्त निगेटिव्ह नोंदींतूनच कळतो.

त्यासाठी निकालाचा रकाना रिकामा सोडायची मुभाच देऊ नका. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, अनिर्णित, तपासलं नाही, यांपैकी एक निवडायलाच लावा. रिकाम्या चौकटीचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. कुजलेल्या मृतदेहाच्या नमुन्यात पीसीआरला (रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) काही सापडलं नाही तर ते सरळ निगेटिव्ह धरू नका. मृतदेहाची अवस्था, चाचणीची पद्धत आणि नमुना कसा साठवला हे त्याच्याशेजारी हवंच. माहिती भरायला एक्सेलचा साचा देणार असाल तर त्यातही हेच चार पर्याय द्या. नकाशावरही निगेटिव्ह ठिपके दिसू द्या, नाहीतर लोक ते भरायचं सोडून देतात.

ठिकाण दशांश अंशांत घ्या, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती अक्षांश-रेखांशांची पद्धत) वर, आणि अचूकता किती मीटर तेही विचारा. शिकारीचा धोका असलेल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण खुल्या नकाशावर कधीच नको. आकडा ०.१ अंशापर्यंतच ठेवला की अक्षांशात सुमारे ११ किलोमीटरची धूसरता येते. पण मूळ आकडा आत जपून ठेवा आणि डाउनलोडची फाइलही तपासा. नकाशा धूसर आणि डाउनलोडच्या सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातल्या तक्त्यात) मात्र खरं ठिकाण, ही चूक सर्रास होते.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. ०३/०४ वरून मार्च की एप्रिल ते कोणालाच सांगता येत नाही. प्रजातीचं शास्त्रीय नाव यादीतून निवडायला लावा, टंकायला नको.

माहितीच्या वाटपाचा करार लेखी हवा: कोण काय पाहणार, खुली करण्याआधी किती दिवस राखून ठेवणार, श्रेय कोणाला. कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला रोग निघाला तर आधी पशुवैद्यकीय यंत्रणेला खबर, मग पोर्टलवर. हा क्रम ठरलेला नसेल तर प्रयोगशाळा नमुन्यांचे निकाल देणारच नाहीत, आणि सगळ्यात आधी हात आखडतात तो निगेटिव्ह निकालांवरच, कारण ते कोणाला तातडीचे वाटत नाहीत.

बॅकअप, बदलांची नोंद, नेट नसताना भरता येणारा फॉर्म: ठेवा.

चाचणीसाठी पहिली फाइल सगळे निकाल निगेटिव्ह असलेली घ्या. ती नकाशावर आणि डाउनलोडमध्ये पूर्ण दिसली नाही तर पोर्टल खुलं करू नका.