छोट्या नगरपरिषदेने हवामान आराखडा कसा करावा

25 सप्टेंबर 2019च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने घरंदारं धुऊन नेली. त्याच पावसात कऱ्हेला पूर येऊन सासवड, बारामतीचा नदीकाठही पाण्याखाली गेला. सासवड, जेजुरी, भोर, इंदापूर अशा नगरपरिषदांकडे माणसं मोजकी आणि पैसा बेताचा. तरी पूर, उन्हाळा आणि टंचाईला तोंड देण्याचा हवामान आराखडा होतो, फक्त सुरुवात मे महिन्यात नव्हे, पाऊस ओसरताच ऑक्टोबरात करावी लागते.

आधी पुराच्या खुणा. जलसंपदा विभागाकडून पूररेषांचा नकाशा घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. गावातल्या ओढ्याची रेषा आखलेली नसेल तर काठावरच्या घरी जाऊन विचारा, भिंतीवरचा पाण्याचा डाग टेपने मोजा आणि नकाशावर चढवा. इथे म्हाताऱ्या माणसांची आठवण फार कामाची.

मग ओढा पायी चाला. सोबत अभियंता आणि आरोग्य निरीक्षक हवेतच. प्रत्येक मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्याच्या वाटेपाशी, थांबा. पात्र रुंद आणि मोरीचा पाइप अरुंद, त्यातच तोंडाशी आडवी गेलेली जलवाहिनी. तिला फांद्या, प्लास्टिक, राडारोडा अडकतो आणि पाणी रस्त्यावर चढतं. असली मोरी गाळ काढून सुधारत नाही, ती रुंदच करावी लागते. आणि गाळ काढलाच तर काठावर ठेवू नका, पहिल्याच सरीला तो परत आत येतो.

उन्हाळाही धरा. पत्र्याची घरं, बाजारतळ, एसटी स्थानक इथे सावली आणि पिण्याचं पाणी. टंचाईसाठी जुन्या विहिरी, आडांची नोंद.

यादीला पैसा जोडा. आराखडे इथेच अडतात. अंदाजपत्रक नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच मंजूर होतं, म्हणून कामांची यादी खर्चासह डिसेंबरातच लेखापालांकडे द्या आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात 2020पासून नगरपरिषदांना गुण मिळतात, त्यासाठी झाडं जरूर लावा. पण मोरीचा पैसा तिकडे वळवू नका.

जूनआधी फोनसाखळी. हवामान विभागाचा इशारा आला किंवा धरणातून विसर्ग वाढला, की मुख्याधिकारी कोणाला कळवणार, कोणत्या गल्लीत भोंगा फिरणार, कोणत्या शाळेच्या खोल्या उघडणार आणि चावी कोणाकडे, हे नावानिशी लिहा. रात्री दोनला एकदा फोन लावून बघा. जो उचलत नाही, त्याच्या जागी दुसरं नाव घाला.