गड्ड्यापर्यंत ३८ शब्द

"बाई, हिचं वाचन जरा सुधारून द्या." दिवाळीची सुट्टी संपली की कुणीतरी आई लेकराला पुढं करून हे म्हणतेच. मी विचारते, "सुधारलं हे तुम्हाला कशावरून कळेल?" त्यावर आई गप्प होते. दोष तिचा नाही. आम्ही शिक्षकच वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकात 'वाचनात सुधारणा आवश्यक' एवढंच लिहीत आलो. किती, कशात आणि कधीपर्यंत, हे लिहायचं राहूनच गेलं.

सोलापूरच्या पूर्व भागात मी ३१ वर्षं प्राथमिकला मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. अशोक चौकाजवळच्या माझ्या घरी संध्याकाळी सात-आठ मुलं येतात. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, पुस्तकात मराठी, अशी ही मुलं. त्यांच्या वाचनाचं ध्येय मी कसं ठरवते ते इथं सांगते. घरी कुणालाही जमेल. एक उतारा, मोबाइलमधलं घड्याळ, पेन्सिल आणि चौकटीच्या वहीचं एक पान, एवढंच सामान.

मोजमाप समजावून सांगायला मला विडी कामी आली. गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीची आई उंबऱ्याशी बसली होती. विड्या वळते. मी म्हटलं, "अक्का, दिवसाला किती होतात?" म्हणाली, "हजाराच्या आत-बाहेर." "सगळ्या घेतात?" "कुठलं बाई, छाट काढतात की." मग मी तिला सांगितलं, वाचनाचंही तसंच आहे. मिनिटात वाचलेले शब्द म्हणजे वळलेल्या विड्या. चुकलेले शब्द म्हणजे छाट. छाट जाऊन उरतील तेवढेच आपले. आणि वाचलेलं समजलं का, हे वेगळं मोजायचं. तिला क्षणात कळलं. इतकी वर्षं सभांमधून हेच मी लांबण लावून सांगत होते.

ध्येय ठरवण्याआधी मूल आज कुठं उभं आहे ते बघावं लागतं. त्यासाठी उतारा न वाचलेलाच हवा. एकदा दुसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचायचा, मी खूश होते. एके दिवशी त्याच धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कुठला? त्याला सांगता येईना. सगळा धडा त्यानं ऐकून पाठ केला होता. माझे सहा महिने आणि त्याचेही त्यात गेले, याची चुटपुट अजून आहे. म्हणून उतारा दुसऱ्या पुस्तकातला घ्या, नाहीतर स्वतः लिहा. ७०-८० शब्द पुरेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतच्या शब्दांची बेरीज पेन्सिलीनं लिहून ठेवा, म्हणजे नंतर मोजत बसावं लागत नाही.

मूल वाचतं तेव्हा तुमच्याकडे त्याच उताऱ्याची दुसरी प्रत हवी. चुकीचा वाचलेला, गाळलेला किंवा तुम्ही सांगितलेला शब्द चूक धरा. मूल अडलं तर मनात तीन आकडे मोजा, मग शब्द सांगून पुढं जाऊ द्या. स्वतःच मागं येऊन दुरुस्त केलं तर तो शब्द बरोबर. आणि उच्चाराला चूक धरू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या भागातली कितीतरी मुलं 'घर'ला 'गर' म्हणतात, कारण घरच्या बोलीत तो जोर नसतो. मुलाला घर म्हणजे काय ते कळलंय, शब्द ओळखलाय, तर तो बरोबरच. उच्चारावर काम करायला दुसरा वेळ आहे.

एका उताऱ्यावर भरवसा ठेवू नका. तीन वेगवेगळे उतारे वाचायला द्या आणि मधला आकडा धरा. मघाच्या मुलीला मी आधी तिसरीचा उतारा दिला. मिनिटात २४ शब्द वाचले, त्यातले ८ चुकले. म्हणजे तो उतारा तिच्यासाठी फार अवघड. इथं माझा साधा हिशेब असा: शंभरात ९५ किंवा जास्त शब्द बरोबर येत असतील तर मूल तो मजकूर एकटं वाचू शकतं. ९० ते ९४ असतील तर शेजारी कुणीतरी बसायला हवं. नव्वदच्या खाली गेलं की उतारा बदलायचा, मुलाला त्यात रेटायचं नाही. मग दुसरीचे तीन उतारे दिले. बरोबर शब्द आले २४, २६ आणि २९. मधला २६. त्या उताऱ्यात तिनं २९ शब्द वाचले होते आणि ३ चुकले होते, म्हणजे शंभरात ९० च्या जवळ. इथून सुरुवात करता येते.

त्यानंतर उतारा संपवू देऊन पाच प्रश्न विचारते. तीन उताऱ्यात सापडणारे, दोन विचार करून सांगायचे. तिनं दोनच सांगितले. उत्तर तेलुगूत आलं तरी मी घेते. समजलंय की नाही एवढंच मला बघायचं असतं.

आता ध्येय. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलं: 'गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, दुसरीच्या नव्या उताऱ्यात, मिनिटाला ३८ शब्द बरोबर, चुका २ पेक्षा जास्त नाहीत, ५ पैकी ४ प्रश्नांची उत्तरं.' गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळी भरणारी आमच्या सिद्धेश्वराची जत्रा. तारीख न लिहिता जत्रा लिहिली, कारण सोलापुरातल्या लेकराला होम मैदानावरचे पाळणे कधी लागतात ते बरोबर ठाऊक असतं. आठ आठवडे हातात होते. १२ शब्द वाढवायचे, म्हणजे आठवड्याला दीड. आठवड्याला एक ते दोन शब्द ही वाढ मला नेहमी झेपणारी वाटली आहे. घाईनं पाच-पाच शब्दांचं ध्येय लावलं की मूल शब्द खातं आणि अर्थ सोडून देतं.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं ठरवलं आहे. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवा, पण २६ वर असलेल्या मुलाच्या वहीत ६० लिहू नका. पायरीपायरीनं जा. इंग्रजी वाचनाचे तक्ते तर मराठीला लावूच नका. आपल्याकडं 'शाळेसमोरच्या' हा एकच शब्द मोजला जातो, आणि मुलाला त्यात सहा अक्षरं, काने-मात्रे आणि एक जोडाक्षर पार करावं लागतं.

'रोज १५ मिनिटं वाचेन' हेही लिहा, पण ती सवय झाली. ती वेगळ्या पानावर लिहा. पंधरा मिनिटं पुस्तक उघडून बसलेल्या मुलाचं वाचन वाढलंच असं नसतं. ज्या मुलाला अजून सुटे शब्दच येत नाहीत त्याला घड्याळ लावू नका. त्याचं ध्येय 'काना-मात्रेच्या दहा शब्दांपैकी आठ' एवढंच असू द्या. तोतरं बोलणाऱ्या मुलालाही वेळ लावायची नाही, त्याच्या चुका आणि समज तेवढी बघा. आणि ओळ सुटत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर सगळ्यात आधी डोळे तपासा. एका मुलासाठी मी दोन महिने ध्येयं लिहीत बसले आणि त्याला चष्म्याची गरज होती. ते माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

मोजायचं आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दर वेळी नवा उतारा, वेळ तीच. भावंडांसमोर मोजायचं नाही. चौकटीच्या पानावर २६ पासून ३८ पर्यंत एक तिरकी रेघ ओढायची आणि प्रत्येक वेळी एक टिंब द्यायचं. टिंब मुलानंच द्यायचं. या मुलीनं आणखी एक केलं. तिची आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज विड्यांचा आकडा लिहायची. त्याच चौकोनात, आईच्या आकड्याखाली, ती पेन्सिलीनं आपला आकडा लिहू लागली. वर ९७५, खाली २७.

लागोपाठ चार टिंबं रेघेच्या खाली पडली तर पद्धत बदलायची, मुलाला बोलायचं नाही. तिची पहिली चार टिंबं होती २६, २७, २६, २८. मी सगळे कागद घेऊन बसले. अकरा चुकांमधल्या आठ जोडाक्षरांच्या, आणि त्यातल्या सहा 'र'च्या. मराठीतला र चार वेश घेतो. 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा लागतो आणि 'दऱ्या'मध्ये आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. रफार दिसतो नंतरच्या अक्षरावर आणि म्हणायचा असतो आधी. 'कुर्ता' वाचताना तिचं बोट 'ता'वर जायचं, तिथं थांबायचं, आणि ती 'कुत्रा' म्हणायची. मिनिटातली दहा-बारा सेकंदं तिथंच जात होती.

मग आम्ही वेगाचं ध्येय दोन आठवडे बाजूला ठेवलं. छोटं ध्येय लिहिलं: 'र'च्या चारही वेशांचे प्रत्येकी तीन, असे १२ शब्द, त्यातले १० बरोबर, सलग तीन दिवस. रोज पाच मिनिटं पाटीवर. रफाराला ती रंगीत खडूनं टोपी काढायची आणि टोपीतून आधीच्या अक्षराकडं बाण. नवव्या दिवशी जमलं.

सराव मात्र एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचून करायचा, चार-पाच दिवस. मोजायचा उतारा आणि सरावाचा उतारा यांची गल्लत करू नका. सरावासाठी मी चार हुतात्म्यांवर साधा उतारा लिहिला होता. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. आपल्या गावासाठी गेलेली ही माणसं, आणि त्यांच्या नावांतच ल्ल, प्प, ट्ट, श्र, न्न आणि रफार. यापेक्षा चांगला सराव मला सुचला नसता. १२ जानेवारीला, जत्रेच्या तोंडावर, ती आईबरोबर चार पुतळ्यापाशी, म्हणजे याच हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, गेली आणि तिथं उभी राहून कागदावरचा पूर्ण उतारा वाचला. 'कुर्बान'ला थांबली नाही.

त्याच आठवड्यात नव्या उताऱ्यावर मोजलं. ३६ शब्द बरोबर, एक चूक, पाचपैकी चार उत्तरं. वेगाचं ध्येय दोन शब्दांनी राहिलं, बाकी दोन्ही पुरी झाली. मी वहीत तसंच लिहिलं, ३८ चं ३६ केलं नाही. मुलाला खरा आकडा दिसला की त्याचा पुढच्या आकड्यावर विश्वास बसतो.

पुढचं ध्येय तिनं स्वतः सांगितलं: उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, आता तिसरीचा उतारा, ४५ शब्द. सरावाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस घेतले. १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. पहिल्या दिवशी 'द्वारकानाथ' एका दमात आलं. 'शुश्रूषा'ला अडली. मी मनात तीन मोजले, चार मोजले. तिनं बोट उचललं, पुन्हा 'शु'वर ठेवलं.