निकालाच्या दिवशी मूड गेला? आधी या चुका टाळा

आमची अभ्यासिका पुण्यात सदाशिव पेठेत आहे, लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) परीक्षा देणाऱ्या मुलांची. राज्यसेवा असो, कंबाईन म्हणजे संयुक्त परीक्षा असो, निकाल लागला की संध्याकाळपर्यंत जिन्यात तेच पडलेले चेहरे आणि त्याच चुका. दर वर्षी मुलं नवी येतात, चुका मात्र जुन्याच. यादीत नाव नसणं ही चूक नव्हे. लाखांनी बसतात आणि शेकड्यांनी लागतात, तिथे बहुतेकांचं नाव नसणारच. घोळ होतो तो त्यानंतरच्या आठ-दहा तासांत. म्हणून "काकू, मूड जाम खराब आहे, काय करू?" असं कुणी विचारलं की काय करायचं नाही, तेच मी आधी सांगते.

त्याच दिवशी आयुष्याचा निर्णय

या चुकीवर माझा विशेष राग आहे. मन बसलेलं असताना काहीतरी मोठं ठरवून टाकलं की हलकं वाटतं, हे अगदी खरं. गोम तिथेच आहे. हलकं वाटणं तासाभरात ओसरतं आणि निर्णय गळ्यात राहतो.

लातूरकडचा एक मुलगा होता. पूर्व परीक्षेची पहिली उत्तरतालिका आली, याने गुण मोजले, पुन्हा मोजले, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या खालीच भरले. दुपारी जेवला नाही. सगळी पुस्तकं दोन पिशव्यांत कोंबली आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन मिळेल त्या भावात फुंकली. अभ्यासाचे सगळे ग्रुप सोडले, मेस बंद केली, वडिलांना फोन लावून "मी गावी येतोय, आता शेतीच बघतो" असं सांगूनही टाकलं. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या हलवत जिना चढला तेव्हा चक्क हसत होता. "काकू, एकदम मोकळं वाटतंय!"

पहिल्या तालिकेवर हरकती जातात, मग अंतिम तालिका येते, तिच्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात. हे त्याला तोंडपाठ होतं, नव्या मुलांना तोच समजावून सांगायचा. नेमकं त्या दिवशी आठवलं नाही. पुढे अंतिम तालिकेत त्याचे गुण थोडे वाढले, तरी तो लागला नाही, त्यामुळे सिनेमातल्यासारखा शेवट कुणी अपेक्षू नये. पण दोन रात्रींतच त्याचं मन फिरलं होतं, आणि पुस्तकं घ्यायला स्वारी परत त्याच दुकानात. पॉलिटीचं, म्हणजे राज्यव्यवस्थेचं, जाडजूड पुस्तक हातात आलं ते त्याचंच. पहिल्या पानावर नाव, आत पिवळ्या हायलायटरच्या रेघा, समासात बारीक अक्षरातल्या नोट्स. दुकानदाराने किंमत दुप्पट सांगितली. हा म्हणाला, "अहो, हे माझंच आहे!" त्यावर दुकानदार शांतपणे, "मग नोट्स चांगल्या असतील की. कमी कशाला करू?"

माझी सवय सांगते. असा कुणी तावातावाने आला की त्याच्यासमोर कागद ठेवते. जे ठरवलं असेल ते लिही, खाली तारीख घाल, चिठ्ठी माझ्या खणात टाक, चार दिवसांनी घेऊन जा आणि मग खुशाल कर. खणात अजून कितीतरी चिठ्ठ्या तशाच पडून आहेत. यामागे शास्त्र वगैरे काही नाही. चार दिवसांत माणूस दोन-तीनदा नीट झोपतो आणि जेवतो, एवढंच.

ब्रेकअप, टक्कल आणि रात्री दोनला लिहिलेलं स्टेटस यांनाही हाच नियम.

दुःखाची बैठक

दुसरी लाडकी चूक. चौघेजण अमृततुल्यवर जमतात, कटिंगवर कटिंग होतं आणि आयोगाला, क्लासला, नशिबाला, त्या एका चुकलेल्या प्रश्नाला शिव्या घालण्यात तीन तास जातात. "मन मोकळं केलं" म्हणतात. मोकळं कसलं? पहिल्या ग्लासाला जो नुसता नाराज होता, तो सहाव्या ग्लासाला संतापलेला असतो.

राग बाहेर काढला की शांत होतो, या समजुतीची परीक्षा ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घेतली होती. २००२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या बॅगेला ठोसे मारणारे विद्यार्थी, नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. आमच्या कोपऱ्यावर ठोसे नाहीत, कटिंग आहे, एवढाच फरक.

बोलूच नका असं मी म्हणत नाही. एका माणसाशी, एकदा, नीट बोला, आणि शक्यतो जेवताना बोला, कारण पोळी संपली की विषयही संपवता येतो. नंतर कुणी "पण यार, तो प्रश्न..." म्हणून पुन्हा सुरू केलं की मी सरळ विचारते, "भाजी वाढू का?"

आणि हो, संध्याकाळी सहानंतरचा तो सहावा चहा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. मग रात्री एकला छताकडे बघत "झोप येत नाही" म्हणायचं.

मूड आला की उठेन

हे उलटं आहे. आधी उठायचं, मूड मागून येतो. पीटर लेविनसोन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात उदासीनतेवरच्या उपचारात हेच धरलं होतं: माणूस हातपाय आवरून घेतो तसतशा बरं वाटायच्या जागाही आटत जातात, म्हणून छोटी-छोटी कामं परत सुरू करायची. मी अंघोळीला पिटाळते, मग बादलीत भिजलेले कपडे धुवायला लावते, मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या. फोन माझ्या टेबलावर.

तासाभरात तक्रार हजर. "काकू, चढून आलो, काहीच फरक नाही." कुकरची शिटी व्हायच्या आत झाकण ओढणारी ही जमात! अरे, आज आनंदी व्हायला कुणी सांगितलंय? आजचा दिवस आणखी न बिघडता पार पडला तरी पुष्कळ झालं.

बाकीच्या भराभर सांगते. पास झालेल्यांची यादी आणि त्यांच्या मुलाखती त्या दिवशी बघू नका. प्रेरणादायी भाषणं तर मुळीच नकोत. दहा मिनिटं छाती फुगते आणि मग आपण आणखीच नालायक वाटतो. "उद्यापासून पहाटे चारला" हे टाइमटेबल आज आखू नका. दारूने झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते, आणि सकाळ कालच्यापेक्षा वाईट उजाडते. रिल्सबद्दल मी बोलणं सोडून दिलंय.

वाईट दिवस आणि आजार यांत गल्लत

वरचं सगळं वाईट दिवसासाठी आहे. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर पर्वती आणि अंघोळ सांगत बसणं हा माझा अडाणीपणा ठरेल. डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. जगणं संपवायचा विचार मनात आला किंवा रूममेटने तसं काही बोलून दाखवलं, तर माझा चार दिवसांचा नियम गुंडाळून ठेवा. लगेच फोन लावा, घरच्यांना कळवा, आणि ते येईपर्यंत त्याला खोलीवर एकटं सोडू नका.