टेक्सासमधून मिनेसोटाला जायचं का? जॅकेट यादीत सगळ्यात शेवटी

नवऱ्याला मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या एका मेडिकल डिव्हाइसवाल्या कंपनीची ऑफर आलीये, आणि आम्ही गेली अकरा वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत, म्हणजे जिथे मुलांना स्वेटर लागतो तो शाळेतल्या एसीसाठी. उत्तर जानेवारीअखेर द्यायचंय, गेलोच तर शाळा संपल्यावर जूनमध्ये. ज्याला सांगावं तो पहिलं एकच बोलतो, "अगं बाई, थंडी!" मी पण पहिल्या रात्री तेच केलं, साडेअकरापर्यंत जॅकेटं बघत बसले, कार्टमध्ये चार टाकली आणि मग टोटल बघून जरा भानावर आले. जॅकेट ही पैसे टाकले की सुटणारी गोष्ट आहे. न सुटणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या, त्यामुळे यादी उलटी केली, सही करायच्या आधीचं आधी.

पहिलं म्हणजे कागद. ग्रीन कार्डवाले, सिटिझन लोक हा परिच्छेद सोडून द्या, नशीबवान आहात. एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) नवीन कंपनी म्हणजे नवीन पिटिशन, ते त्यांचे वकील करतातच, पण पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी) परत पहिल्यापासून, कारण ते त्या नोकरीला आणि त्या जागेला बांधलेलं असतं, आणि त्यात वर्षापेक्षा जास्त वेळ सहज जातो. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) जुनीच राहते ही त्यातल्या त्यात बरी बातमी. आपलं जुनं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस झालेत का ते आधी बघायचं, कारण त्यानंतर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी एच-१बी वाढवताना ते चालतं, आणि माझा एच-४ ईएडी (बायकोचं वर्क परमिट) पण त्याच आधारावर उभा आहे, म्हणजे त्याची नोकरी बदलताना माझी टांगायची नाही. नवीन कंपनी पर्म कधी सुरू करणार हे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्यायचं. फोनवर सगळे "वी विल टेक केअर" म्हणतात. आणि कंपनी तीच ठेवून नुसतं ऑफिस दुसऱ्या शहरात जात असेल तरी एच-१बीची दुरुस्ती नवीन जागी काम सुरू करायच्या आधी फाइल झालेली हवी. घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म, हा एवढा ग्रीन कार्डवाल्यांनाही), सिटिझन सोडून प्रत्येकाचा वेगळा, बाळाचा पण.

दुसरं, मोठी मुलगी, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात निर्णय इथेच अडलाय. ती नववीत आहे. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट ॲडमिशन मिळते, यूटी ऑस्टिनने आपल्यापुरतं ते कमी करत करत २०२६ च्या फॉलसाठी पाच टक्क्यांवर आणलंय. हे टेक्सासमधल्या शाळेतून पास होणाऱ्यांसाठी. नववी संपवून निघालो की वर्षभर जिवाचं रान करून सांभाळलेली रँक इथेच राहिली. दुसऱ्या बाजूला मिनेसोटात पीएसईओ म्हणून प्रकार आहे, १९८५ पासूनचा, अकरावी-बारावीच्या मुलांना (दहावीला थोडं मर्यादित) शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स फुकट करता येतात, आणि विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटाशी फीचा करार आहे, म्हणजे तिथल्या सरकारी कॉलेजात बाहेरच्या राज्याची जादा फी नाही. मुलगी सध्या एवढंच म्हणते की मैत्रिणी कुठल्या कराराने मिळतात ते सांग. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नियम म्हणून इतकंच लिहून ठेवलंय की मूल आठवीच्या आत असेल तर फार विचार करू नका, दहावी-अकरावीत असेल तर दहादा करा. धाकटा दुसरीत आहे, त्याला विचारलं तर तो आत्ता गाडीत बसेल, त्याला फक्त बर्फ दिसतोय.

शाळेच्या तारखा टेक्सासपेक्षा वेगळ्या असतात हे लक्षात असू द्या. आपल्याकडे ऑगस्टमध्येच दप्तर पाठीवर, तिकडे बहुतेक ठिकाणी लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर. राहतो त्या डिस्ट्रिक्टच्या बाहेरची शाळा हवी असेल तर ओपन एनरोलमेंटची मुदत १५ जानेवारी, म्हणजे आम्ही हो-नाही ठरवायच्या आधीच, तर अर्ज टाकून ठेवायचा. तिकडे शाळेतलं सकाळ-दुपारचं जेवण २०२३ पासून सगळ्या मुलांना मोफत आहे. आमचे चिरंजीव तिथे काय खातील हा वेगळा विषय.

तिसरं, पैसे. इथे सगळे एकच चूक करतात, टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, तिकडे आहे, संपला विषय. विषय संपत नाही. मिनेसोटाचा टॅक्स ५.३५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि ९.८५ पर्यंत जातो, दोघांचं मिळून दीड लाख डॉलर उत्पन्न आणि दोन मुलं धरली तर माझ्या हिशोबाने वर्षाला सात हजारांच्या आसपास. आता आपलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा. डॅलसच्या उपनगरात घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचतं, तिकडे साधारण सव्वा टक्का धरा, म्हणजे पाच लाखांच्या घरावर साडेतीन-पावणेचार हजारांचा फरक उलट्या बाजूने. भाड्याने राहणार असाल तर मात्र ही भरपाई नाही. कपड्यांवर तिकडे सेल्स टॅक्स नाही, जे जॅकेटांच्या वेळी आठवायचं. उन्हाळ्यातलं एसीचं बिल कमी होईल आणि हिवाळ्यात गॅसचं वाढेल, त्यासाठी विक्रेत्याकडून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागून घ्यायची, मागायला लाजायचं नाही. रिलोकेशनचे (घर हलवायचे) पैसे कंपनीकडून मिळतात ते २०१८ पासून पगारासारखे टॅक्सेबल आहेत, म्हणून दहा हजार देऊ म्हणाले तर हातात दहा हजार का कापून, हे विचारायचं, आणि वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करायचे का हेही वाचायचं, ते नेहमी शेवटच्या पानावर असतं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, बघायला जानेवारीत जायचं. कंपनीवाले मे-जूनमध्ये बोलवतात, तेव्हा तळ्याकाठी सायकली, रात्री नऊला सूर्यास्त, कुणालाही आवडेल. मिनियापोलिसमध्ये २१ डिसेंबरला दिवस पावणेनऊ तासांचा असतो आणि साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तर डॅलसला तेव्हाही जवळजवळ दहा तास उजेड. मला थंडीपेक्षा या अंधाराची जास्त धास्ती आहे, कारण मी घरून काम करते. ओळखीची एकजण टेबलावर दहा हजार लक्सचा, म्हणजे उजेडाची भरपाई करणारा प्रखर दिवा लावून सकाळचा चहा पिते, आधी हसले होते, आता लिंक मागून घेतली. तर विमान अडीच तासांचं, शनिवार-रविवार नको, आठवड्याच्या मधले तीन दिवस. सकाळी सातला गाडीची काच खरवडून शाळेपर्यंत जाऊन बघायचं, संध्याकाळी पाचला किराणा घेऊन पार्किंगमधून चालत यायचं, आणि मग हॉटेलवर बसून एकमेकांना खरं काय वाटलं ते सांगायचं. डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणारे काचेचे स्कायवे आहेत, त्यातून फिरून "काही थंडी नाही" म्हणणं म्हणजे मॉलमध्ये बसून पुण्याचा उन्हाळा कसा आहे ते सांगणं.

थंडीबद्दल एक गोष्ट मात्र डॅलसकरांनीच सांगावी. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे उणे २ फॅरनहाइट झालं, वीज गेली, लोकांचे पाइप फुटले, आम्ही चौघं एका खोलीत दोन दिवस रजया घेऊन. मिनियापोलिसला २०१९ च्या जानेवारीत उणे २८ फॅरनहाइट झालं होतं, तरी घराघरात फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) चालू होता. थंडीसाठी बांधलेल्या घरातली थंडी आणि न बांधलेल्या घरातली थंडी यात फरक आहे हो.

म्हणून घर बघताना वेगळं बघायचं. फर्नेस किती वर्षांचा, खिडक्या कशा, बेसमेंटमध्ये संप पंप (साचलेलं पाणी उपसणारा) आहे का, छताला कडेने पाण्याचे डाग आहेत का (छपरावर बर्फ साचून पाणी आत शिरतं त्याचे), गॅरेज घराला जोडलेलं हवंच. रॅडॉनची टेस्ट करायचीच, जमिनीतून येणारा वायू आहे, वास नाही रंग नाही, तिकडे बेसमेंटमध्ये बऱ्याच घरांत सापडतो, हवेत लिटरला ४ पिकोक्युरीच्या वर आला तर बाहेर काढायची यंत्रणा बसवून द्या म्हणून विक्रेत्याशी बोलायचं. दिशेचं तर गंमतच आहे. आमच्या सासूबाई पूर्वमुखी घर शोधा म्हणतायत, तिकडची माणसं म्हणतात ड्राइव्हवे दक्षिणेला हवा, ऊन लागून बर्फ लवकर वितळतो, उत्तरेचा मार्चपर्यंत घसरगुंडी. आणि कॉर्नर प्लॉट म्हणजे आपल्याकडे भाग्य, तिकडे दोन बाजूंचा फुटपाथ, आणि मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ आपणच साफ करायचा असतो. नवऱ्याला फावडं दाखवलं, म्हणाला टाउनहाउस बघू.

गाडीचं थोडक्यात. टेक्सासच्या गाडीत काच धुवायचं पाणी उन्हाळ्याचं असतं, ते पूर्ण काढून उणे तापमानाचं भरायचं, नाहीतर ते काचेवरच गोठतं. कूलंट तपासायचं, बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर आधीच बदलायची, विंटर टायर कायद्याने सक्तीचे नाहीत पण घ्यायचेत, रस्त्यावरच्या मिठाने खालून गंज लागतो म्हणून गाडी खालूनही धुवायची. लायसन्स आणि रजिस्ट्रेशन ६० दिवसांत. बर्फ पडल्यावर शहर स्नो इमर्जन्सी जाहीर करतं, त्या दिवशी कुठल्या बाजूला पार्क करायचं याचे नियम असतात, चुकलं की गाडी उचलून नेतात.

आई-बाबा. आत्तापर्यंत मुंबई-दुबई-डॅलस, एक स्टॉप, बाबांना व्हीलचेअर, पाठ झालंय सगळं. आता ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसवरून. त्यांनी यायचं ते मेमध्ये, परतायचं ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवाळीचा हट्ट सोडायचा. आईला विचारलं तर म्हणाली मला काय घरातच बसायचंय, पण तिला रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चक्कर लागते हे मला माहितीये. माणसांची काळजी तेवढी नाही, मिनेसोटात मराठी मंडळ आहे, मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे २००६ पासून, आणि तसं बघितलं तर आपली बृहन्महाराष्ट्र मंडळाची (इथल्या मराठी मंडळांची मोठी संघटना) सुरुवातच १९८१ ला शिकागोत झाली, म्हणजे बर्फात मराठी माणूस नवीन नाही. जायच्या आधी मंडळाच्या एका कार्यक्रमाला नुसतं जाऊन बसायचं असं ठरवलंय, संक्रांतीचा असेल तर त्याच जानेवारीच्या फेरीत होऊन जाईल.

सामान. तीन मूव्हरकडून बाइंडिंग एस्टिमेट (मागाहून न वाढणारा लेखी भाव), त्यांचा यूएसडॉट नंबर (सरकारी नोंदणीचा) सरकारी साइटवर तपासायचा, आणि फुकटातला विमा म्हणजे पाउंडाला ६० सेंट हे डोक्यात ठेवायचं, पन्नास पाउंडांचा टीव्ही फुटला तर हातात तीस डॉलर, म्हणून पूर्ण किमतीचं कव्हर. गाडी आम्हीच चालवत नेणार, आय-३५ हायवेने सरळ उत्तरेला, साडेनऊशे मैल, दोन दिवस. मजा म्हणजे हा रस्ता डॅलसलाही पूर्व-पश्चिम असा फुटतो आणि मिनियापोलिसलाही, म्हणजे चुकायची सोय दोन्हीकडे सारखीच.

आता जॅकेट. इथे घ्यायचं नाही, तिकडे जाऊन ऑक्टोबरमध्ये घ्यायचं, इथल्या दुकानातलं "विंटर" म्हणजे आपल्या नोव्हेंबरचं. आत थर्मल, मध्ये लोकरीचं, वर वारा अडवणारं, सुती आत नको, घामाने ओलं राहतं. हाताला चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन, ग्लोव्हज नव्हे. मुलाला स्नोपँटच्या दोन जोड्या, कारण अगदी कडक थंडी सोडली तर रिसेस (मधली सुट्टी) बाहेरच. वाऱ्यासकट उणे २८ सेल्सियस झालं की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठते, कानटोपीवरून वाद घालायचा नाही.

राहिला कढीपत्ता. सात फुटांचा झालाय, कुंडीत, २०२१ ला रात्री दहाला ओढत हॉलमध्ये आणला म्हणून वाचला. नेता येणार नाही. लिंबाच्या झाडांना रोग पसरवणारी एक कीड कढीपत्त्यावरही राहते, त्यामुळे पूर्ण टेक्सास क्वारंटाइनमध्ये आहे आणि रोप असं उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी आहे. शेजारच्या तेलुगू आंटींना सहज म्हटलं, जायचं ठरलं तर तुम्ही सांभाळाल का, अजून काही नक्की नाही. त्या म्हणाल्या, कुंडीसकट ना?