गाडीचा एम्ब्लेम काढताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी शटर वर केलं की एखादी तरी गाडी दारात उभी असते आणि मालक डिकीवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत असतो. रविवारी घरच्या घरी एम्ब्लेम, म्हणजे कंपनीचा लोगो किंवा मागची अक्षरं, काढून झालेला असतो. 2021 मध्ये महिंद्रा आणि किया या दोन्ही कंपन्यांनी आपले लोगो बदलले. तेव्हापासून जुना काढून नवा बसवायची हौस फार वाढली. व्हेरियंटची अक्षरं काढून मागची बाजू मोकळी करणारी पोरं तर आधीपासून आहेतच. हौसेला माझी ना नाही, मोकळी डिकी मलाही आवडते. पण कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला पेंट आणि पॉलिशचं काम करताना त्याच त्या चुका निस्तरून जीव विटलाय, म्हणून लिहितोय.

ओढू नका, उचकटू नका

एम्ब्लेम गाडीला धरून असतो तो साधारण एक मिलिमीटर जाडीच्या फोम टेपने. ही टेप सरळ बाहेर ओढली तर जीव गेला तरी सुटत नाही, पण मधून कापत नेली तर निमूट सुटते. सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. आणि तिच्याखाली काय असतं? कंपनीचा रंग प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंत, म्हणजे चमकीच्या पारदर्शक थरापर्यंत, धरला तरी 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे दोन केसांइतका जाड. त्यातला क्लिअर 40-50 मायक्रॉनचा. स्क्रू-ड्रायव्हरला फडकं गुंडाळलं म्हणून तो मऊ होत नाही. टोक रंगावर टेकतं आणि सगळा जोर त्या एका बिंदूवर येतो.

एका जानेवारीत कागलकडचा एक मुलगा मरून रंगाची सेडान घेऊन आला. गाडी सेकंडहँड, वडिलांसाठी घेतलेली. मागे आधीच्या मालकाने चिकटवलेली अक्षरं होती, ती वडिलांना नको होती. भल्या सकाळी, थंडीत, पत्रा गार असताना दोघा भावांनी अक्षरांखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढलं. अक्षर निघालं, पण त्याच्या पाठीला तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा चिकटून आला. खाली पांढरी पुट्टी.

"दादा, व्हिडिओत तर दोन मिनिटांचं काम हाय म्हटलेलं," तो म्हणाला. वडील शेजारी गप्प उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

मी रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. टपावर 120 मायक्रॉन, बोनेटवर 115. डिकीवर 380, आणि कोपऱ्यात आकडा हजाराच्या वर गेला. गाडी मागून ठोकलेली होती आणि पुट्टी भरून रंगवलेली होती. घेताना हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेटॅलिक रंगाला मधेच ठिगळ लावता येत नाही, उन्हात लगेच दिसतं. अख्खी डिकी रंगवावी लागली.

म्हणून माझी सवय अशी: एम्ब्लेमला हात लावायच्या आधी तो पत्रा ओरिजिनल आहे का ते बघायचं. मीटर नसलं तरी चालतं. डिकीच्या रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत का, बिजागरीच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का, आणि तिरप्या उजेडात या पत्र्याची चमक शेजारच्या पत्र्यासारखी दिसते का. शंका आली तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, राहू द्या. कंपनीत रंग 140 अंशांच्या आसपास भाजला जातो, गॅरेजमध्ये साधारण 60 अंशांवर, आणि कितीतरी ठिकाणी नुसत्या हवेवर वाळतो. दोघांची पकड सारखी नसते.

काढायची माझी पद्धत साधी आहे. आधी गाडी धुवायची, अक्षरांच्या फटींतून जुना मऊ ब्रश फिरवायचा. धूळ राहिली तर पुढे टेप कापायला फिरवायच्या दोऱ्याखाली तिचा पॉलिश पेपर होतो. मग भोवती मास्किंग टेप. नवा लोगो त्याच जागी बसवायचा असेल तर फोटो काढून टेपवर खुणा करायच्या. केस वाळवायचा ड्रायर हातभर अंतरावरून हलता ठेवायचा. पत्रा हाताला चांगला गरम लागला पण हात टेकवता आला, की थांबायचं. मे महिन्यात दुपारी तर ड्रायरही लागत नाही. मग मासे धरायची तंगूस किंवा डेंटल फ्लॉस दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून करवतीसारखा ओढायचा. दोरा एम्ब्लेमच्या पाठीला घासत ठेवा, रंगाला नाही. फोम गाडीवर राहिला तरी चालेल, तो नंतर निघतो. मध्येच गार झालं तर परत गरम करा. एका ओळीच्या अक्षरांना मला अर्धा तास लागतो. अर्धा तास नसेल त्याने हे काम त्या दिवशी सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थिनर

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो. अक्षर निघालं, गम राहिला, घाई झाली, की लोक हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणतात. कंपनीच्या भाजलेल्या रंगावर एखाद वेळी निभावतं. गॅरेजमध्ये रंगवलेल्या पत्र्यावर मात्र रंग चिकट होतो, फडक्याला उतरतो. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे डाग कायमचा. पेट्रोलही नको, बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची चिंधी घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

गम अंगठ्याने काढा. गरम असताना अंगठा एका दिशेने रगडला की त्याच्या वळ्या होऊन निघतात. उरलेल्यावर मी खोबरेल तेल लावून दहा मिनिटं सोडतो, मग मायक्रोफायबरने पुसतो. हट्टी असेल तर टार रिमूव्हर, म्हणजे डांबराचे डाग काढायचं औषध, तोही आधी डिकीच्या आतल्या कडेला लावून बघायचा. शेवटी शाम्पू. नवा लोगो लावणार असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश घालवा, नाहीतर पहिल्या पावसात लोगो रस्त्यावर.

ब्लेड: नाही. काचेवर ठीक, रंगावर कधीच नाही.

हीट गन: तिचं तोंड काही शे अंशांपर्यंत तापतं. क्लिअरला फोड येतात, बंपर वाकतो.

ड्रिलला लावायचं रबरी चाक: हात बसलेला असेल तरच. एका जागी थांबलं की रंग भाजतो.

खिळ्यांचा एम्ब्लेम

गोल मोठे लोगो आणि लांब पट्ट्या यांना बऱ्याचदा मागे प्लॅस्टिकचे खिळे असतात, ते पत्र्यातल्या भोकात बसतात. दोरा एका ठिकाणी अडून राहिला तर जोर लावू नका. डिकीचं आतलं अस्तर काढून मागून बघा. एकाने असा लोगो काढून भोकांवर नुसता स्टिकर लावला होता. जून-जुलै गेला आणि ऑगस्टमध्ये स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं सापडलं, भोकांच्या कडा गंजलेल्या. भोकं असतील तर लोगो तिथेच राहू द्या किंवा ती झाळून, रंगवून घ्यायची तयारी ठेवा.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या मागचा लोगो हाच डिकीचा हँडल आहे. तो काढायला येणारेही भेटतात. काही गाड्यांत पुढच्या लोगोमागे क्रूझ कंट्रोलचा रडार असतो, तिथेही हात लावू नका. आणि साफसफाईच्या भरात पुढच्या काचेवरचा नंबर-प्लेटचा होलोग्राम स्टिकर खरवडू नका, तो कायद्याने लागतो.

मागे उरणारी सावली

सगळं नीट केलं तरी जुन्या गाडीवर अक्षरांची सावली दिसते. ती चूक तुमची नाही. आठ-दहा वर्षं भोवतीचा रंग उन्हात उतरला, अक्षरांखालचा तसाच राहिला. पॉलिशने भोवतीचा मळकटपणा जातो आणि फरक कमी होतो, पण उडालेला रंग परत येत नाही. लाल आणि काळ्या गाडीवर जास्त दिसतं, पांढऱ्यावर क्वचित. सावली जात नाही म्हणून त्याच जागी मशीन फिरवत बसू नका, क्लिअर फाटेल. मी काम घेण्याआधीच हे सांगतो, आणि बरेच जण तेव्हाच विचार बदलतात.

काढलेली अक्षरं फेकू नका. पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. गाडी विकताना घेणारा हमखास विचारतो की मागे काय लिहिलं होतं.