गाळ्याची अनामत भरण्यापूर्वी
दादर-परळच्या कार्यालयांत दुपारचे डबे पुरवण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली, तरी गाळ्याची अनामत भरण्यापूर्वी एका डब्याचा हिशेब कागदावर मांडावा. समजा, १२० रुपयांच्या डब्यातून शिधा, गॅस, पॅकिंग व पोहोचवण्याचा खर्च वजा जाता ३० रुपये उरतात आणि भाडे, पगार, वीज मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात, तर केवळ तोंडमिळवणीसाठी १,५०० डबे, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत रोज ६० डबे, खपले पाहिजेत. स्वतःची मेहनत तर बहुतेक जण त्यात धरतच नाहीत. मग अन्नसुरक्षा नोंदणी करून घरूनच दोन आठवडे दहा अनोळखी गिऱ्हाइकांना आगाऊ पैसे घेऊन डबे द्यावेत (मावशी फुकटच्या डब्याला छानच म्हणणार) आणि तिसऱ्या आठवड्याचे पैसे किती जण न मागता भरतात, हे पाहावे.